शेवटी माणूसच ठरवतो ना?

मी नेदरलँड्समधल्या युट्रेक्टला एका छोट्या कंपनीत काम करते. आमचं सॉफ्टवेअर नोकरीचे अर्ज चाळून देतं, म्हणजे सीव्ही आत टाकायचे की ते प्रत्येकाला शंभरपैकी मार्क देतं आणि वरपासून खालपर्यंत यादी लावतं. गेल्या वर्षी एका क्लायंटने आम्हाला एक पत्र पाठवलं, त्यांनी नाकारलेल्या एका बाईंचं. चारच ओळी होत्या. माझा अर्ज मशीनने तपासला का, आणि तपासला असेल तर कशावरून मला खाली टाकलं. जीडीपीआर, म्हणजे युरोपचा वैयक्तिक माहिती जपणारा कायदा, त्याप्रमाणे उत्तराला एक महिना मिळतो.

उत्तर आमच्याकडे छापील होतं, करारातच लिहिलेलं, की सॉफ्टवेअर फक्त सुचवतं, निर्णय रिक्रूटर घेतो. हे वाक्य मी स्वतः कितीतरी मीटिंगांमध्ये बोललेय आणि खरं मानून बोललेय. कारण त्याच कायद्याचं कलम २२ म्हणतं की माणसाच्या आयुष्यावर मोठा परिणाम करणारा निर्णय, ठरावीक अपवाद सोडले तर, निव्वळ मशीनवर सोडता येत नाही, आणि मध्ये माणूस बसवला की आपण सुटलो असंच आमच्या धंद्यात सगळे धरून चालतात.

पण ७ डिसेंबर २०२३ ला युरोपियन कोर्टाचा शूफाचा निकाल आलेला. शूफा म्हणजे जर्मनीतली क्रेडिट स्कोअर देणारी कंपनी. एका बाईंना कर्ज नाकारलं गेलं, त्यांनी स्कोअर कसा काढला ते विचारलं, शूफाने ढोबळ माहिती दिली आणि बाकीचं धंद्याचं गुपित म्हणून झाकून ठेवलं. आम्ही फक्त आकडा देतो, कर्ज द्यायचं की नाही ते बँक बघते, हा त्यांचा मुद्दा. कोर्टाने सांगितलं की समोरचा जर त्या आकड्यावरच भिस्त ठेवून ठरवत असेल तर आकडा काढणं हाच निर्णय झाला. हे मी तेव्हाच वाचलं होतं, पण आपल्याला लागू आहे असं डोक्यातच आलं नाही, कर्जाचं प्रकरण म्हणून बाजूला ठेवून दिलं.

पत्र आल्यावर मी पुण्याच्या टीममधल्या मैत्रिणीला फोन केला, म्हटलं रिक्रूटर यादीत कुठपर्यंत खाली जातात हे कळेल का. ती म्हणाली, "अगं लॉग आहेत ना सगळे, कोणी बघितलेच नाहीत आजपर्यंत." दोन दिवसांनी तिने पाठवले आणि मी बघत बसले. पहिल्या पानाच्या खाली जवळजवळ कोणीच जात नव्हतं. खालचे अर्ज न उघडताच एकदम सिलेक्ट करून रिजेक्ट. त्या बाईंचा अर्जही कोणी उघडलेला नव्हता.

इथे नेदरलँड्समध्ये राहणाऱ्याला यावर झोप लागू नये. इथल्या कर खात्याने मुलांच्या पाळणाघराच्या भत्त्यावरून हजारो पालकांना फसवे ठरवलं, धोका मोजणाऱ्या सिस्टिममध्ये नागरिकत्व हा एक निकष होता, लोक कर्जात बुडाले, घरं मोडली, आणि जानेवारी २०२१ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान रुटे यांच्या सरकारने राजीनामा दिला. तिथेही फाइलवर माणसं बसलेलीच होती की.

आणि युरोपचा एआय अ‍ॅक्ट तर नोकरभरतीला सरळ हाय-रिस्कमध्ये, म्हणजे जास्त धोक्याच्या, कडक नियमांच्या गटात टाकतो. आमच्या सेल्सवाल्यांना त्यातली एक पळवाट फार आवडली होती, सॉफ्टवेअर फक्त पूर्वतयारीचं काम करत असेल तर सूट मिळते ती. पण पुढचंच वाक्य वाचायचं राहून जातं, माणसांचं प्रोफाइलिंग, म्हणजे माहितीवरून मशीनने माणसाचं मोजमाप करणं, होत असेल तर सूट नाही. आम्ही मार्क देतो, प्रोफाइलिंग अजून वेगळं काय असतं? दंड दीड कोटी युरो किंवा जगभरातल्या उलाढालीच्या ३ टक्के, छोट्या कंपनीला यातलं जे कमी ते. हाय-रिस्कचे नियम लागू व्हायची मूळ तारीख २ ऑगस्ट २०२६, ती पुढे ढकलायचा प्रस्ताव युरोपियन कमिशनने नोव्हेंबर २०२५ मध्ये आणला, तेव्हा ऑफिसात लोक म्हणाले चला वेळ मिळाला. मला हे पटत नाही. जीडीपीआरचं कलम २२ तर मे २०१८ पासून लागूच आहे, त्याला कोणी मुदतवाढ दिलेली नाही.

याच गडबडीत अजून एक सापडलं, पुण्याची टीम इथला डेटा नुसता स्क्रीनवर उघडते तरी ते परदेशी ट्रान्सफर धरलं जातं, आणि भारताला युरोपची अ‍ॅडिक्वसीची, म्हणजे डेटा तिथे पुरेसा सुरक्षित राहतो अशी, मान्यता नसल्यामुळे त्याचे करार वेगळे लागतात. ते करून घेतले.

यादीचं मात्र भांडून करून घ्यावं लागलं. आता स्क्रीनवर मार्क दिसत नाहीत, अर्ज उघडल्याशिवाय रिजेक्टचं बटण चालू होत नाही आणि कारण रिक्रूटरला स्वतःच्या शब्दांत लिहावं लागतं. काम हळू झालं, एक क्लायंट सोडून गेला. जाऊ दे.

पत्राचं उत्तर २६व्या दिवशी गेलं, साध्या डचमध्ये, दीड पान, क्लायंटच्या सहीने. त्या बाईंच्या सीव्हीत मध्ये दोन वर्षांची गॅप होती, आणि मॉडेल गॅपचे मार्क कापत होतं, कारण जुन्या डेटामध्ये गॅपवाल्यांना कमी घेतलेलं. ती गॅप का होती ते त्यांनी सीव्हीतच एका ओळीत लिहिलेलं होतं. आईच्या आजारपणासाठी.