मराकसच्या किनाऱ्यावरचे दुपारचे जेवण

न्यू जर्सीहून आम्ही दोघे त्रिनिदादला गेलो ते आठ दिवसांसाठी, आणि त्या आठ दिवसांत मराकस उपसागराच्या काठावरील 'रिचर्ड्स बेक अँड शार्क' या साध्या खाणावळीत दोनदा जेवलो. पहिल्यांदा रविवारी, चुकीच्या वेळी आणि चुकीच्या पद्धतीने, तर दुसऱ्यांदा मंगळवारी, पहिल्या खेपेचे शहाणपण गाठीशी बांधून. पुढे जाणाऱ्यांना उपयोगी पडेल ते मुख्यतः या दुसऱ्या खेपेतले आहे.

पोर्ट ऑफ स्पेनहून सॅडल रोडने मरावल ओलांडून नॉर्थ कोस्ट रोडला लागले की पाऊण तासात मराकस येते. हा घाटरस्ता अमेरिकनांनी बांधला. दुसऱ्या महायुद्धात शाग्वारामासचा परिसर त्यांच्या नौदलाच्या तळासाठी गेला आणि शहरवासीयांचे नेहमीचे किनारे बंद झाले, तेव्हा त्याची भरपाई म्हणून 1944 मध्ये मराकसची वाट खुली करण्यात आली. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे भाड्याची मोटार घेणे भारतात गाडी चालवलेल्यांना जड जात नाही. वळणे मात्र भरपूर आहेत, म्हणून ज्यांना गाडी लागते त्यांनी जाताना पोट हलके ठेवलेले बरे. माथ्यावर सज्जासारखी जागा आहे, तेथे थांबावे. समोर समुद्र दिसतो आणि बाजूच्या टपऱ्यांवर अननसाचे किंवा कच्च्या आंब्याचे 'चाऊ' मिळते, म्हणजे मीठ, लसूण, मिरची आणि बंधनिया लावलेल्या फोडी.

हा 'बंधनिया' शब्द ऐकून माझी पत्नी थबकली. लांब, कडेला दातेरी अशी ती पाने हातात घेऊन तिने हुंगली आणि "ही तर कोथिंबीर, पण रागावलेली," असा निर्णय दिला. 1845 पासून बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातून गिरमिटिया, म्हणजे करारावर बांधलेले मजूर येथे आले, त्यांनी या स्थानिक वनस्पतीला वनधनिया ठरवले. इतर लोक तिला 'शॅडो बेनी' म्हणतात. मराकसच्या जेवणाचा खरा आत्मा हीच पाने आहेत, असे माझे मत झाले आहे.

'बेक' हे नाव फसवे आहे, कारण तो भाजलेला नसून तळलेला असतो. मैद्याच्या जाडसर, टम्म फुगलेल्या भटुऱ्यासारखा तो पोटातून चिरतात आणि त्यात मसाला मुरवून तळलेला माशाचा तुकडा ठेवून हाती देतात. शार्क म्हणजे आपल्या कोकणातील मोरी किंवा मुशी यांच्याच जातकुळीतला मासा. काटे नाहीत, चव सौम्य. तरीही अतिमासेमारीमुळे शार्कची संख्या घटत चालली आहे आणि मोठ्या माशात पारा साठतो, हे लक्षात घेऊन मंगळवारी मी किंगफिश घेतला, म्हणजे आपल्या सुरमईचा भाऊच, आणि तो मला अधिक आवडला. मागणी नोंदवताना माशाचे नाव स्पष्ट सांगावे, एरवी शार्कच गृहीत धरला जातो.

खरे जेवण त्यापुढे सुरू होते. मासा हाती आला की बाजूच्या लांब टेबलाकडे जावे, जेथे कोबी, काकडी, टोमॅटो, अननस आणि भांड्या-भांड्यांतून चटण्या मांडलेल्या असतात: चिंचेची, लसणाची, बंधनियाची आणि तिखटाची. रविवारी मी हावरटपणाने सगळ्या घेतल्या, बेक भिजून हातातच फाटला आणि अर्धा मासा वाळूत गेला. मंगळवारी आधी कोबीचा थर दिला, त्यावर थोडी चिंच, थोडा लसूण आणि भरपूर बंधनिया, तिखटाचा जेमतेम थेंब. ज्या देशात जगातील सर्वात तिखट मिरच्यांमध्ये गणली जाणारी मोरुगा स्कॉर्पियन पिकते, तेथे कोल्हापूरचा अभिमान बाजूला ठेवावा. सोबतीला लेमन लाइम अँड बिटर्स हे थंड पेय छान जुळते.

शाकाहारी मंडळींना येथे फार काही नाही. बेकमध्ये नुसती काकडी, अननस आणि चटण्या घालून माझ्या पत्नीने वेळ भागवली, पण बेक आणि मासा एकाच तेलात तळतात का, हे आधी विचारून घ्यावे. त्याऐवजी सकाळीच शहरात डबल्स खाऊन निघणे उत्तम: 'बारा' नावाच्या दोन मऊ, तळलेल्या पुऱ्या आणि त्यांमध्ये रस्सेदार छोले. विक्रेता तिखटाविषयी विचारतो, तेव्हा "स्लाइट" एवढेच म्हणावे.

रविवार आणि सुट्टीचे दिवस टाळावेत. कार्निव्हलनंतरच्या बुधवारी तर अर्धे शहर थकवा घालवायला येथेच येते. आम्ही रविवारी एक वाजता पोहोचलो आणि उन्हात रांगेत ताटकळलो. मंगळवारी साडेअकराला दहा मिनिटांत जेवण हाती होते. रोख त्रिनिदादी डॉलर जवळ ठेवावेत, एका अमेरिकी डॉलरला साधारण पावणेसात मिळतात.

जेवणानंतर लगेच पाण्यात शिरू नये, कारण येथील लाटा दांडग्या आहेत आणि पाण्याला आतली ओढ आहे. जीवरक्षकांच्या निशाणांमध्येच राहावे. माझा चष्मा पहिल्याच लाटेने नेला, तो परत आला नाही. शांत पाणी हवे असल्यास त्याच रस्त्याने पुढे लास क्वेव्हासला जावे. तेथे दुपार कलल्यावर वाळूतल्या बारीक माश्या पोटऱ्यांना फार चावतात, तेव्हा अंगाला लावायचे मलम सोबत असावे आणि अंधार पडण्याआधी घाट उतरावा.