गोलकीपरला शिव्या घालण्याआधी चित्र दहा सेकंद मागे घ्या

आधी आकडे मांडू. २०२६ च्या विश्वचषकासाठी पात्रतेच्या दुसऱ्या टप्प्यात भारत सहा सामने खेळला, नोव्हेंबर २०२३ ते जून २०२४. मग २०२७ च्या आशियाई चषकाच्या पात्रतेत मार्च ते नोव्हेंबर २०२५ दरम्यान पाच. अकरा सामन्यांत पाच गोल आणि एक विजय. तो विजयही परक्या मैदानावरचा: कुवेतमध्ये, १६ नोव्हेंबर २०२३, मनवीर सिंगचा ७५ व्या मिनिटाचा गोल. भुवनेश्वर, गुवाहाटी, कोलकाता, शिलाँग, मडगाव या घरच्या पाच मैदानांपैकी एकाही ठिकाणी आपण जिंकलो नाही.

आता सामना संपल्यावर चाहत्यांत काय चालतं ते बघा. गोलकीपर गुरप्रीतनं आत का राहिलं नाही, दुसरा गोलकीपर विशाल कैथ बाहेर का आला, बचावपटू झिंगनला कार्ड का मिळालं. सगळी भांडणं स्वतःच्या गोलजवळची. पण या अकरापैकी चार सामन्यांत भारतानं एकही गोल खाल्ला नाही: कुवेत, आभा (सौदी अरेबियात, अफगाणिस्तानविरुद्ध), कोलकाता, शिलाँग. चारही जिंकता आले असते. कुवेत सोडून बाकी तिन्ही ०-० सुटले. बचाव निर्दोष होता असं नाही, पण घर गळतंय कुठे आणि आपण बादली ठेवतोय कुठे, हा प्रश्न आहे.

गोलांची फोड केली की आणखी उघडं पडतं. गुवाहाटीत अफगाणिस्तानविरुद्ध सुनील छेत्रीचा गोल पेनल्टीवर. सिंगापूरमध्ये ९० व्या मिनिटाला रहीम अलीनं केलेला गोल समोरच्या बचावपटूच्या फसलेल्या बॅकपासवर. मडगावच्या फातोर्डा मैदानात ललियनझुआला छांगटेचा गोल बॉक्सच्या, म्हणजे गोलसमोरच्या चौकटीच्या, बाहेरून मारलेला, त्याच्या एकट्याच्या पायाचा. उरले दोन: कुवेतमध्ये छांगटेनं बाजूनं दिलेल्या चेंडूवर मनवीर, आणि दोह्यात मडगावच्या ब्रँडन फर्नांडिसच्या चेंडूवर छांगटे. अकरा सामन्यांत रचून केलेले गोल हे एवढेच, आणि दोन्हींचा आराखडा एकच. बाजूनं चेंडू आत, आणि बॉक्समध्ये योग्य वेळी पोचलेला माणूस.

म्हणून एखाद्या खेळाडूवर मत द्यायचं असेल तर हायलाइट्स बघून देऊ नका. हायलाइट्स शेवटच्या पासपासून सुरू होतात. चूक बहुतेक वेळा त्याच्या आठ-दहा सेकंद आधी झालेली असते. पूर्ण सामना पुन्हा बघायला मिळत असेल तर एकच खेळाडू धरा आणि सलग पंधरा मिनिटं चेंडूकडे न बघता त्याच्याकडे बघा. कागदावर तीनच खुणा करायच्या. चेंडू मिळताना त्याचं तोंड समोरच्या गोलकडे होतं की आपल्या? चेंडू गेल्यावर पहिल्या तीन सेकंदांत तो धावला की हात वर करून उभा राहिला? आणि आपल्या संघाचा चेंडू विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेला, असताना तो कुठे होता? पहिला भाग २० ते ३५ व्या मिनिटांचा घ्या, दुसरा ६० ते ७५ चा. सुरुवातीची दहा मिनिटं सगळेच धावतात, त्यावरून काही कळत नाही.

विंगरला जोखताना एक गोष्ट हमखास निसटते. छांगटे डावखुरा. उजवीकडे खेळला की आत वळून डाव्या पायानं मारतो, फातोर्ड्यासारखं. पण तो आत वळतो तेव्हा त्याच्या बाहेरून राइट-बॅक (उजवीकडचा बचावपटू) धावत वर गेला नाही, तर समोरचा लेफ्ट-बॅक (डावीकडचा) निवांत आत सरकतो आणि छांगटेपुढे दोघे उभे राहतात. मग चेंडू मागे, सेंटर-बॅककडे, म्हणजे मधल्या बचावपटूकडे. गॅलरीत शिव्या छांगटेला. खरा प्रश्न राइट-बॅक कुठे होता हा असतो, आणि त्याला वर जायची परवानगी होती का, हा त्याच्याही आधीचा. डावीकडून गोव्याच्या लिस्टन कुलासोच्या बाबतीत हेच उलट बाजूनं.

सेंटर-फॉरवर्डचा विषय वेगळा आहे आणि जुना आहे. आयएसएलमधले (इंडियन सुपर लीग) क्लब नऊ नंबरची, म्हणजे मधल्या मुख्य आक्रमकाची, जागा बहुधा परदेशी खेळाडूला देतात. भारतीय आक्रमक मग विंगवर ढकलला जातो आणि वर्षभर क्रॉस मारण्याची सवय करतो, क्रॉसवर पोचण्याची नाही. राष्ट्रीय शिबिरात आल्यावर त्यालाच सांगायचं की आता दोन सेंटर-बॅकमध्ये उभा राहा. २०२४-२५ च्या आयएसएलमध्ये सर्वाधिक गोल करणारा भारतीय कोण? चाळिशीला टेकलेला छेत्री, १४ गोल. जून २०२४ मध्ये कोलकात्यात कुवेतविरुद्ध १५१ वा सामना खेळून तो निवृत्त झाला होता, मार्च २०२५ मध्ये त्याला परत बोलावलं. ‘म्हाताऱ्याला कशाला’ असं म्हणणाऱ्यांनी दुसरं नाव द्यावं, आणि ते नाव आपल्या क्लबात मधोमध किती मिनिटं खेळतं तेही सांगावं. त्याला परत आणणं मला तरी चूक वाटत नाही. त्याच्यावाचून अडलं, ही चूक.

नऊ नंबर तपासायची सोपी रीत: गोल मोजू नका, बॉक्समध्ये त्याचा पाय चेंडूला किती वेळा लागला ते मोजा. नव्वद मिनिटांत दोन-तीनदाच लागला असेल तर दोष नेमबाजीचा नाही, चेंडू पोचतच नाही. सात-आठ वेळा लागूनही फटका गोलवर नसेल, तर मग खुशाल बोला. १० जून २०२५ ला हाँगकाँगच्या काई टाक मैदानात लिस्टननं डावीकडून दिलेल्या चेंडूवर आशिक कुरुनियननं समोर दिसणारा गोल घालवला. तिथे टीका रास्त होती. त्या सामन्यात तशी संधी पुन्हा फारशी आलीच नाही.

आणि शेवटी काय लक्षात राहिलं? ९०+४ व्या मिनिटाची पेनल्टी. उंच चेंडू मुठीनं ढकलायला कैथ बाहेर आला, हात चेंडूऐवजी माणसाला लागला, स्टेफान परेरानं गोल केला, १-०. चूक कैथचीच. गोलकीपर एकदा निघाला की त्याला चेंडू मिळालाच पाहिजे, अर्ध्या वाटेवर थांबणं सर्वांत वाईट. मार्चमध्ये शिलाँगला बांगलादेशविरुद्ध पहिल्याच मिनिटाला त्यानं चेंडू थेट समोरच्याच्या पायात दिला होता, तो गोल वाचला म्हणून विसरला गेला. पण या दोन चुका एकाच पोत्यात भरू नयेत. एक पायानं खेळण्याची, दुसरी निर्णयाची. पहिली चूक होऊ द्यायची नसेल तर सेंटर-बॅकनं मागे येऊन पासला कोन द्यावा लागतो, म्हणजे ती अर्धी गोलकीपरची आणि अर्धी त्याच्यापुढच्या दोघांची. दुसरी पूर्ण त्याची.

दोह्यातला ११ जून २०२४ चा प्रकार तर रेफरीच्या नावानं अजून निघतो, आणि निघावाच. भारत १-० पुढे. ७३ व्या मिनिटाला चेंडू गोलरेषेच्या बाहेर गेला, कर्णधार गुरप्रीत थांबला, कतारच्या खेळाडूनं चेंडू परत आत ओढला आणि युसुफ आयमेननं गोल केला. त्या टप्प्यात व्हीएआर (रेफरीला मदतीची व्हिडिओ तपासणी) नव्हतं. गोल मान्य. पुढे अल-रावीचा गोल, २-१. एक हिशेब मात्र लोक चुकीचा करतात: ‘तो गोल दिला नसता तर निदान बरोबरी झाली असती आणि आपण पुढे गेलो असतो.’ नाही. भारताचे तोवर ५ गुण होते, बरोबरीनं ६ झाले असते. कुवेतनं त्याच रात्री अफगाणिस्तानला १-० हरवून ७ केले. आपल्याला जिंकायलाच हवं होतं. अन्याय खराच, पण गुवाहाटीत ३८ व्या मिनिटाला पुढे जाऊन अफगाणिस्तानकडून २-१ हरलो, तिथले तीन गुण दोह्याच्या आधीच गेले होते.

हिशेबाचंच निघालं आहे तर नियमही नीट बघून ठेवा. विश्वचषक पात्रतेच्या त्या टप्प्यात गुण समान झाले की आधी सगळ्या सामन्यांचा गोलफरक धरत होते. आशियाई चषकाच्या पात्रतेच्या शेवटच्या फेरीत आधी आपापसातले सामने बघत होते, आणि गटातून एकच संघ जाणार होता. त्यामुळे ९ ऑक्टोबर २०२५ ला सिंगापूरमधला १-१ चांगला की वाईट, हे १४ तारखेच्या मडगावच्या सामन्यावर ठरणार होतं. तिकडे ४७ व्या मिनिटाला झिंगन बाहेर गेला आणि दहा जणांनी बरोबरी खेचून आणली, याचं कौतुक झालं. पण लाल कार्डामुळे तो मडगावला नव्हता. फातोर्ड्यात सोंग उई-योंगनं ४४ आणि ५८ व्या मिनिटाला दोन गोल केले, १-२, आणि भारत स्पर्धेबाहेर. कार्डाची किंमत बहुतेक वेळा पुढच्या सामन्यात चुकवावी लागते. म्हणून राष्ट्रीय संघांसाठी राखलेल्या दोन सामन्यांच्या विंडोमध्ये पहिल्या सामन्यात पिवळं कार्ड असलेल्या सेंटर-बॅकला मध्यंतरातच बदलायचं का, ही चर्चा गोलकीपरच्या चर्चेपेक्षा कामाची. पाच बदल मिळतात, ते तीन थांब्यांत करायचे असतात, आणि मध्यंतरातला बदल त्या तीनात धरला जात नाही.

‘कोचनं पाच दिवसांत काय शिकवलं’ हेही विचारलं जातं. उत्तर: जवळजवळ काही नाही, आणि शक्यही नसतं. सिंगापूर ते गोवा प्रवास, नव्वद मिनिटं खेळलेल्यांना सावरायला दोन-तीन दिवस, हातात एखादा खरा सराव. त्यात कॉर्नर आणि फ्री-किक घोटून होतात, नवी रचना नाही. शिवाय त्या ऑक्टोबरपर्यंत एप्रिलनंतर आयएसएलचा एकही सामना झालेला नव्हता. सामन्याचा दम शिबिरात येत नाही.

परदेशातल्या भारतीय वंशाच्या खेळाडूंचा मुद्दा इंग्लंडमध्ये वाढलेला हमझा चौधरी बांगलादेशकडून शिलाँगला उतरल्यापासून पेटला. त्यांच्याकडे दुहेरी नागरिकत्वाची सोय आहे, आपल्याकडे नाही. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) म्हणजे पासपोर्ट नव्हे. भारतीय पासपोर्ट हवा तर मूळचा सोडावा लागतो, आणि ओसीआयधारकाला नागरिकत्वासाठी पाच वर्षांची नोंदणी व अर्जाआधी बारा महिने इथे वास्तव्य लागतं. ‘उद्या बोलवा’ असं ते नाही. तरी हे आधी झालेलं आहे: पुणे एफसीचा इझुमी अराता जपानी पासपोर्ट सोडून २०१३ मध्ये भारताकडून खेळला. रायन विल्यम्सनं २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाचा सोडला. त्याच्या आईचं घराणं मुंबईचं. असे आणखी आले तर उत्तमच, पण राइट-बॅक वर गेला नाही तर तेही छांगटेसारखेच दोघांच्या मध्ये अडकतील.

१८ नोव्हेंबर २०२५, ढाका. बाराव्या मिनिटाच्या आसपास राकिब हुसेन डावीकडून सुटला, चेंडू मधे आला, शेख मोरसालिननं तो गुरप्रीतला चुकवून आत ढकलला, १-०. बांगलादेशकडून बावीस वर्षांनी हार. दुसऱ्या दिवशी सगळीकडे गुरप्रीतच्या पायांचा फोटो. तो बाजूला ठेवा, चित्र मागे घ्या, राकिबला चेंडू मिळाला तिथे थांबवा, आणि त्याच्या व गोलच्या मध्ये निळ्या जर्सीत कोण कोण आहे आणि कुणाचं तोंड कुठे आहे, ते मोजा.