ताराबाई रोडची उंची : नोंद चौथी

१० नोव्हेंबरला संध्याकाळी घरांच्या सावलीची वेळ सांगणारं माझं मॉडेल तीन मिनिटांनी चुकलं. रस्त्याकडेच्या विजेच्या खांबावर छातीएवढ्या उंचीला खडूनं रेघ मारून मी उभा होतो. हिशेबाप्रमाणे पलीकडच्या दुमजली घराची सावली त्या रेघेवर ५ वाजून ४१ मिनिटांनी पोचायला हवी होती, ती ५.३८ लाच येऊन बसली. मागच्या नोंदीत मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं, की आता नुसता ताळा करून बघायचा राहिलाय. तर हा ताळा.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. कोल्हापुरात अंबाबाईच्या देवळाच्या महाद्वारापासून रंकाळ्याकडं जाणारा ताराबाई रोड आणि आजूबाजूच्या बोळांतली घरं मी ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनीच मिळून काढलेल्या खुल्या नकाशावर, काढतोय, उंचीसकट. उंची कशाला, हे कोल्हापूरकराला सांगायला नको. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी या दिवशी मावळतीची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यात जातात, हाच किरणोत्सव. पहिल्या दिवशी देवीच्या पायांशी, तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत. आणि किरणं पोचली नाहीत की दरवर्षी तीच चर्चा: ढग होते, धुकं होतं, वाटेतल्या इमारती होत्या. ढगांचं मला काही करता येत नाही. इमारतींची उंची मात्र मोजता येते, आणि नकाशावर आमच्या पेठेतल्या घरांना ती जवळपास नव्हतीच. सगळं शहर जमिनीवर लाटून ठेवल्यासारखं.

या तारखांचं गणित मला फार आवडतं, म्हणून जरा थांबतो. १० नोव्हेंबर हा २१ डिसेंबरच्या ४१ दिवस आधी येतो आणि ३१ जानेवारी ४१ दिवस नंतर. त्यामुळं दोन्ही दिवशी सूर्य क्षितिजावर जवळजवळ त्याच ठिकाणी टेकतो, उत्तरेपासून मोजलं तर साधारण २५२ अंशांवर, म्हणजे पश्चिमेच्या १८ अंश दक्षिणेला. जागा तीच, घड्याळ मात्र वेगळं. नोव्हेंबरात आपल्याकडं सूर्यास्त सहाच्या ठोक्याला, जानेवारीअखेर साडेसहाच्या जवळ. पृथ्वीची कक्षा लंबगोल आणि तिचा आस कललेला, त्यामुळं सूर्याची भर दुपारच घड्याळात मागंपुढं सरकते. या दोन तारखांत ती २९ मिनिटांनी सरकलेली असते. हा आकडा शेवटी लागणार आहे.

आता कामाकडं. बाह्यरेषा काढायचं काम संपलं, १८६ घरं झाली. उपग्रहचित्रावरून पेठेतलं घर काढणं म्हणजे एका ताटात वाढलेल्या दोन भाज्या वेगळ्या करणं. भिंतीला भिंत, कौलाला पत्रा, त्यावर निळी ताडपत्री. कुठलं घर कुठं संपतं ते आकाशातून कळत नाही, बोळात शिरूनच बघावं लागतं. जेओएसएममध्ये (ओपनस्ट्रीटमॅपवर घरं-रस्ते काढायचं सॉफ्टवेअर) काढलेल्या रेषा कागदावर छापून नेल्या, पेन्सिलीनं दुरुस्त केल्या, घरी येऊन परत चढवल्या. दुसऱ्या कुठल्या नकाशावरून टिपायचं नाही हा नियम पाळलाय. ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा सगळ्यांना खुला असतो तो याच जोरावर. एक सूचना: उंच इमारत उपग्रहचित्रात एका बाजूला कललेली दिसते. गच्चीची रेघ काढलीत तर घर रस्त्यावर येऊन बसतं. रेघ गच्चीवर काढा आणि मग अख्खी सरकवून पायथ्याला आणा.

उंचीचं काम १३१ घरांपर्यंत आलंय. सुरुवातीला मजले मोजून तीननं गुणत होतो. नवीन फ्लॅटस्कीमला चालतं, इथं नाही. जुन्या वाड्याचा वरचा मजला एवढा ठेंगणा, की माणूस वाकूनच फिरेल, आणि शेजारच्या दुकानाचा तळमजला माळा काढायचा म्हणून साडेचार मीटर. मग लेझर मीटरनं भिंतीपर्यंतचं अंतर घ्यायचं, मोबाइलवर वरच्या कडेचा कोन घ्यायचा, अंतराला कोनाच्या टॅननं गुणायचं आणि डोळ्याची उंची मिळवायची. शाळेतलंच गणित. पण १२ मीटरवर ४५ अंशांच्या कोनात एका अंशाची चूक म्हणजे ४२ सेंटिमीटर. मी शिरोलीला एका फाउंड्रीत पॅटर्नची, म्हणजे ज्यावरून ओतकामाचा साचा घेतात त्या नमुन्याची, ड्रॉइंग करतो. ओतकामात लोखंड मीटरमागं सेंटिमीटरभर आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा ठेवतात. तीच सवय इथं लावली: प्रत्येक घराच्या उंचीपुढं माझ्या तक्त्यात सूट, म्हणजे आकडा किती चुकलेला असू शकतो ते, लिहिलेली असते. कुठं २० सेंटिमीटर, कुठं ६०.

सगळ्यात वेळ मोजण्यात गेला नाही, समजावण्यात गेला. हातात लेझर आणि वही दिसली की पहिला प्रश्न ठरलेला.

"काय मोजायलास रे? घरफाळ्याचं हाय काय?"

नाही म्हटलं की संशय वाढतो. एका मावशींनी चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी शांतपणे म्हणाल्या, "मग आमची उंची कमीच लिही बाळा." आता मी आधी मोबाइलवर नकाशा उघडून त्यांच्या गल्लीचं नाव दाखवतो. नाव चुकलेलं असलं तर बरंच. माणूस दुरुस्त करायला लागला की तो आपल्या बाजूचा झाला.

फोटोग्रामेट्रीची, म्हणजे बऱ्याच फोटोंवरून त्रिमितीय मॉडेल उभं करण्याची, बातमी फारशी बरी नाही. विचारणाऱ्यांनी विचारलं होतं, म्हणून लिहितो. एका रविवारी पहाटे साडेसहाला रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी २४० फोटो काढले, प्रत्येक फोटोचा तीनचतुर्थांश भाग आधीच्याशी जुळेल असे. एक्स्पोजर लॉक, फोकस लॉक, सगळं नियमानं. फोटो जुळवणाऱ्या कोलमॅप सॉफ्टवेअरला रात्रभर चालू ठेवलं. सकाळी बघतो तर अर्धा रस्ता उरलेल्या अर्ध्यावर चढून बसलेला. कारण शटर. पहाटे सगळी दुकानं बंद, आणि राखाडी लोखंडी पन्हाळीचं एक शटर दुसऱ्यासारखंच दिसतं. सॉफ्टवेअर दोन फोटोंत सारखे बिंदू शोधतं, त्याला वाटलं ही सगळी एकच भिंत. शटर उघडल्यावर जावं तर गर्दी, हातगाड्या, टांगलेल्या साड्या. यावर एकच उतारा सापडला: वरच्या मजल्यांवरच कॅमेरा रोखायचा. लाकडी कठडे, गजांच्या खिडक्या, रंग उडालेले पोपडे, यांतलं प्रत्येक वेगळं असतं. दुसऱ्या फेरीत ९० मीटरचा तुकडा चांगला जुळला. त्या मॉडेलला स्वतःची फूटपट्टी नसते हे विसरू नका. दोन खांबांमधलं अंतर टेपनं घेऊन तेवढं ताणून बसवलं तेव्हा कुठं मीटर मिळाले.

त्याच फोटोंचं गॉशियन स्प्लॅटही केलं, म्हणजे रंगीत धूसर ठिपक्यांनी उभं केलेलं त्रिमितीय दृश्य. २०२३ पासून सगळे त्याच्या प्रेमात आहेत आणि का ते कळलं; विजेच्या तारांचं जाळंसुद्धा हुबेहूब उठतं, घरच्यांना दाखवलं तर टीव्हीवर लावून बघत बसले. पण त्यात पृष्ठभाग म्हणून काही नसतो, धूसर ठिपक्यांचा ढग असतो. दाखवायला झकास, मोजायला नाही.

तरी फोटो काढत राहा. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, त्यानंतर माझ्या मोबाइलमध्ये काय आहे ते शोधलं. शाहू महाराजांच्या काळातली वास्तू, लहानपणापासून जातोय, आणि फोटो निघाले अकरा. अकराही घरच्यांचे, मागं नाट्यगृहाचा कुठं कोपरा, कुठं खांब. एकही बिंदू तीन फोटोंत नव्हता, म्हणजे त्यावरून मॉडेल उभं करणं शक्यच नव्हतं. हा छंद तिथून सुरू झाला खरं तर, किरणोत्सव नंतर आला.

जमिनीच्या चढउताराचं काय, हा प्रश्न मागच्या वेळी आला होता. फुकट मिळणारा जमिनीच्या उंचीचा एसआरटीएम डेटा २००० साली अंतराळयानातून रडारनं घेतलेला, ३० मीटरचा एक चौकोन. दाट वस्तीत रडारला जमीन दिसतच नाही, छपरं दिसतात. त्यानं माझ्या खांबापासून त्या घरापर्यंत चार मीटरचा चढ दाखवला. चार मीटर! तिथं सायकल पायडल न मारता थांबते. शेवटी ओळखीच्या गवंड्याकडून लेव्हलची नळी आणली. पारदर्शक नळी, आत पाणी, दोन्ही टोकांना पाणी एका पातळीत. भल्या सकाळी दोघांनी सात टप्प्यांत शंभर मीटर नेली. फरक निघाला २८ सेंटिमीटर. दीडदोनशे रुपयांच्या नळीनं अंतराळयानाला हरवलं हे मी कामावर सगळ्यांना सांगून झालोय.

आणि आता ती तीन मिनिटं.

मावळता सूर्य आपल्याकडं या दिवसांत दर ४.४ मिनिटांना एक अंश खाली उतरतो. शंभर मीटरवरच्या घराच्या उंचीत मीटरभर चूक झाली तर सावलीची वेळ अडीच मिनिटांनी सरकते. ३०० मीटरवर तीच चूक पन्नास सेकंदांची होते. म्हणजे तीन मिनिटांसाठी मला सव्वा मीटरच्या आसपास काहीतरी सापडायला हवं होतं, आणि त्या घराची माझी सूट होती २५ सेंटिमीटर.

पहिला संशय सावलीवरच. सूर्याचं बिंब अर्ध्या अंशाचं असतं, त्यामुळं शंभर मीटरवरून येणाऱ्या सावलीची कड चाकूसारखी नसते, जवळपास मीटरभर धूसर पट्टा असतो. पण मी पट्ट्याचा मध्य धरला होता आणि व्हिडिओही होता. मग घड्याळ तपासलं, बरोबर. मग क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये एक खरी चूक सापडली: २५२ अंशांची रेघ मी यूटीएमच्या (पृथ्वीचे उभे पट्टे करून ते सपाट चौकटीत मांडायची पद्धत) ४३ व्या पट्ट्यात, ग्रिडच्या उत्तरेपासून, म्हणजे चौकटीच्या उभ्या रेषेपासून, काढली होती. त्या पट्ट्याचा मधला रेखांश ७५, आपण ७४.२४ वर. इथं ग्रिडची उत्तर आणि खरी उत्तर यांत ०.२२ अंशाचा फरक पडतो. ३०० मीटरवर रेघ मीटरभर बाजूला जाते, म्हणजे बारक्या बोळात थेट शेजारच्या घरावर. तुमच्यापैकी कुणी सावल्यांचं काम करत असाल तर आजच तपासा. मी दुरुस्त केलं, वेळ पाच सेकंदांनी बदलली. तीन मिनिटं जागच्या जागी.

दुसऱ्या दिवशी परत गेलो. खांबाशेजारचे चहावाले काका दोन दिवस माझा तमाशा बघत होते. मी परत त्या घराचा कोन घ्यायला लागलो तसे म्हणाले, "वर टाकी बघितलास काय? दिवाळीत बसवलीय."

काळी, हजार लिटरची, गच्चीच्या अगदी कडेला. उंची सव्वा मीटर. मी त्या घराची उंची सप्टेंबरात घेतली होती.

हसू नका. आणि हसून झाल्यावर हे बघा, की मी नियमानं चुकलोच नव्हतो. ओपनस्ट्रीटमॅपवर इमारतीची उंची म्हणजे छपराच्या माथ्यापर्यंत. वर बसवलेले अँटेना, मनोरे, उपकरणं त्यात धरत नाहीत. नकाशाच्या दृष्टीनं घर साडेसात मीटरचंच आहे, सूर्याच्या दृष्टीनं पावणेनऊ. टाकी स्वतंत्र वस्तू म्हणून नोंदवता येते आणि ती मी नोंदवली. पण मग बाकीच्या १३० गच्च्यांवरचं काय? टाक्या, सोलरचे बंब, पत्र्याची शेड, जाहिरातीचे सांगाडे. हे सगळं वर्षाला बदलतं. आता तक्त्यात दोन रकाने केलेत, छपराची उंची आणि सावलीची उंची, आणि दुसऱ्यापुढं बघितल्याची तारीख. पहिला रकाना नकाशावर जातो. दुसरा माझ्याकडंच राहील.

तो का देत नाही, असं दोघांनी विचारलंय. त्या रकान्यावरून कुणीही दहा मिनिटांत घरांना लाल रंग देऊन 'हे अडवतात' असं चित्र फिरवू शकतो. माझी सूट साठ सेंटिमीटरपर्यंत आहे आणि माझं मॉडेल महाद्वाराबाहेरच संपतं, आतल्या पातळ्या मी मोजलेल्या नाहीत. एवढ्या भांडवलावर कुणाच्या दारात भांडण नेऊन ठेवायचं नाही. मावशींच्या घराचा चहा प्यालोय मी.

राहिलेली ५५ घरं डिसेंबरात. त्यांतली वीसेक अशा बोळांत आहेत, की भिंतीपासून चार पावलं मागं सरकायलाही जागा नाही. तिथं कोनाचं जमत नाही. समोरच्या गच्चीवरून दोरीला वजन बांधून सोडायचा विचार आहे. कुणी दुसरं काही वापरलं असेल तर सांगा.

टाकी धरून नवा आकडा काढलाय. ३१ जानेवारीला, आभाळ स्वच्छ असलं तर, त्याच खांबावरच्या त्याच रेघेवर सावली ६ वाजून ७ मिनिटांनी. चहावाल्या काकांनी ६.०५ सांगितलंय. त्यांचं म्हणणं, शेजारचाही टाकी बसवायच्या विचारात आहे.