तुम्ही विचारलंत म्हणून: ड्राइव्हच काढायचा होता, तर एम्युलेटर का नाही?

माझ्या ड्रीमकास्टचं, म्हणजे सेगाच्या जुन्या गेम कन्सोलचं, झाकण कुणी उघडलं की प्रश्न ठरलेला. डिस्कच्या जागी छोटासा बोर्ड आणि त्यात खुपसलेलं एसडी कार्ड दिसतं, आणि समोरचा म्हणतो, "ड्राइव्हच काढून टाकलास? मग सरळ कम्प्युटरवर एम्युलेटर लाव की. हे खोकं कशाला अडवून ठेवलंयस?" आजवर मी "आवड आपली आपली" म्हणून वेळ मारून नेली. आता एकदाच सगळं लिहून टाकते. पटलं नाही तरी चालेल, पण यापुढे विचारणाऱ्याला मी हेच वाचायला देणार आहे.

प्रश्नाचं सरळ उत्तर अगदी छोटं आहे. एम्युलेटर हा कम्प्युटरवरचा प्रोग्राम, तो अख्ख्या मशीनचं सोंग घेतो. हा बोर्ड, जीडीईएमयू, फक्त ड्राइव्हचं. बाकी सगळं जागच्या जागी आहे: 200 मेगाहर्ट्झचा एसएच-4 प्रोसेसर, पॉवरव्हीआरची ग्राफिक्स चिप, यामाहाची साउंड चिप, आणि कंट्रोलरमध्ये बसणारी ती व्हीएमयू (छोट्या पडद्याचं मेमरी कार्ड), जिच्या बॅटऱ्या संपल्या की मशीन चालू करताना ती कानठळ्या बसवणारी पीं काढते. चित्र व्हीजीए केबलमधून 480पी मध्ये जुन्या ट्यूबच्या मॉनिटरवर येतं. कन्सोलला वाटतं की आत डिस्क फिरतेय. त्याला तसं वाटू द्यायचं, एवढंच या बोर्डाचं काम. एम्युलेटर वाईट असतात असं मी म्हटलेलं नाही, कधीच नाही. मीही वापरते. पण हे मशीन माझ्याकडे आहे, चालतंय, आणि चालतं ठेवायचं आहे. हे तुम्हाला जुन्याचं वेड वाटत असेल तर खुशाल वाटू द्या.

आता दुसरी बाजू. हा प्रश्न विचारणाऱ्यांत एके काळी मीच पुढे असायचे, आणि तुमच्यापेक्षा बऱ्याच खवचटपणे विचारायचे. ड्राइव्ह काढलेल्या कन्सोलला मी 'पोकळ' म्हणत असे. डिस्क घालायची, झाकण दाबायचं, तो प्रसिद्ध खरखराट ऐकायचा, मग खेळायचं. यातलं काहीही वगळलं तर ते खेळणंच नव्हे, असं माझं म्हणणं. मशीन मूळ स्थितीत ठेवा, बिघडलं तर दुरुस्त करा, सुटे भाग मिळतात. मिळतात कुठून, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नव्हतं.

ड्रीमकास्ट जपानात 1998 मध्ये आला आणि 2001 मध्ये सेगाने त्याचं उत्पादन थांबवायचं ठरवलं. म्हणजे आज चालणारा प्रत्येक मूळ ड्राइव्ह दोन दशकांहून जुना आहे. कन्सोलमध्ये हलणारे भाग दोनच, पंखा आणि ड्राइव्ह. पंखा कुठलाही बसवता येतो. ड्राइव्हचं तसं नाही. जीडी-रॉम हा प्रकार यामाहा आणि सेगाने मिळून काढलेला, साध्या सीडीपेक्षा दाट लिहिलेला, डिस्कवर सुमारे 1 जीबी मावेल असा. त्याचे ड्राइव्ह आज नव्याने कुणीही बनवत नाही.

माझ्या ड्राइव्हने आधी अधूनमधून डिस्क नाकारायला सुरुवात केली. लेन्स पुसली. सळ्यांवरचं वाळून घट्ट झालेलं ग्रीस काढून नवं लावलं. काही दिवस बरे गेले. मग सगळेच करतात ते केलं. लेझरच्या बाजूला एक इवलासा पोटेन्शिओमीटर असतो, तो बारीक स्क्रूड्रायव्हरने केसभर फिरवला. लेझरला जास्त करंट मिळतो, डिस्क वाचली जाते, आपण खूश. पण झिजलेल्या लेझरला आणखी जोरात पेटवलं की तो आणखी लवकर झिजतो. पुढच्या वेळी आणखी केसभर. हे करताना त्याचा शेवट काय होणार हे मला नीट माहीत होतं. हा उपाय नव्हता, उधारी होती.

आणि मग मी पार्टसाठी म्हणून दुसरा ड्रीमकास्ट घेतला.

हा भाग जरा लांबणार आहे, कारण माझं उत्तर खरं तर इथेच आहे. विकणाऱ्याने स्वच्छ सांगितलं होतं: खेळता खेळता मधूनच रीसेट होतो, मेन्यूवर परत येतो, बिघडलेला आहे, सुट्या भागांसाठी घ्या. मला तेच हवं होतं. त्याचा ड्राइव्ह उचलायचा, माझ्यात बसवायचा, उरलेलं खोकं कपाटात टाकायचं. घरी आणल्यावर ड्राइव्ह तरी धड आहे ना, हे बघायला आधी एक डिस्क घातली. ती पहिल्या झटक्यात वाचली गेली. लोगो, संगीत, पहिली लेव्हल, सगळं व्यवस्थित. थोड्या वेळाने सांगितल्याप्रमाणे मशीन रीसेट झालं.

हे लक्षण मला ओळखीचं होतं. ड्रीमकास्टमध्ये पॉवर सप्लायचा बोर्ड मुख्य बोर्डावरच्या उभ्या पिनांवर नुसता बसवलेला असतो. वर्षानुवर्षांनी त्या पिना काळवंडतात, वीज नीट पोचत नाही, आणि मशीन आपोआप रीसेट होतं. मी प्लग काढून ठेवला, बराच वेळ थांबले (त्या बोर्डावर थेट घरातली वीज येते आणि कपॅसिटरमध्ये उरतेही, हे कुणीही हलक्यात घेऊ नका). मोडेम काढला, कारण एक स्क्रू त्याच्या मागे लपलेला असतो. पॉवर सप्लाय वर उचलला. पिना खरंच काळ्या होत्या. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेला कापूस फिरवला तर तो राखाडी झाला. पिना चकचकीत होईपर्यंत पुसल्या, बोर्ड परत बसवला, डिस्क घातली आणि खेळत बसले. त्या संध्याकाळी रीसेट झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

म्हणजे माझ्या टेबलावर आता दोन ड्रीमकास्ट होते. एक माझा, वर्षानुवर्षांचा, ज्याचा लेझर शेवटच्या घटका मोजत होता. दुसरा ज्याला लोकांनी मेलेला समजून टाकून दिलं होतं आणि जो ठणठणीत होता. ठरलेलं काम काय होतं? त्या ठणठणीत मशीनचा ड्राइव्ह काढून माझ्यात घालायचा. काही स्क्रू, एक कनेक्टर, सरळ वर उचलायचा की झालं. मी स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन बसले आणि काही केल्या हात चालेना.

मला सुटे भाग 'मिळत' होते ते हे असे. मूळ स्थिती राखायची म्हणून एक मशीन जगवायचं आणि त्यासाठी दुसरं रिकामं करायचं. आणि तो ड्राइव्हही किती टिकणार? तोही तेवढ्याच वयाचा. तो गेला की तिसरं मशीन शोधायचं. जगात ड्रीमकास्ट मोजकेच उरलेत, आणि माझ्या शुद्धपणाच्या हट्टाने त्यांची संख्या कमीच होणार होती. ड्राइव्ह काढणाऱ्यांना पोकळ म्हणणारी मी दुसऱ्याचा चालता कन्सोल पोकळ करायला बसले होते.

तेव्हाची मी यावर लगेच म्हणेल, "मग दुसराच वापरायचा होता, पहिला ठेवून द्यायचा." म्हणणं चूक नाही. पण पहिला माझा होता. याहून चांगलं कारण माझ्याकडे तेव्हाही नव्हतं, आजही नाही.

तर बोर्ड आला आणि माझ्या कन्सोलमध्ये बसला. दुसऱ्या कन्सोलचा ड्राइव्ह जागचा हलला नाही, आणि त्याला मी वेगळं काम दिलं: माझ्या डिस्का फाइल्स म्हणून उतरवून घ्यायच्या. हे काम कम्प्युटरवर सहजासहजी होत नाही. जीडी-रॉमचा आतला पट्टा साध्या सीडीसारखा वाचता येतो, पण खेळ असतो बाहेरच्या दाट भागात, 45000 व्या सेक्टरपासून पुढे, आणि साधा ड्राइव्ह एरवी तिथे पोचत नाही. म्हणून ड्रीमकास्टलाच कामाला लावावं लागतं. मागच्या सीरियल पोर्टला एसडी कार्डाचा अडॅप्टर, उतरवण्याचा प्रोग्राम साध्या सीडीवरून चालू केलेला, आणि मग निवांत वाट बघायची. उतरलेल्या फाइल्सचा चेकसम (फाइलवरून काढलेला पडताळणीचा आकडा) रीडम्प या डिस्कांची नोंद ठेवणाऱ्या साइटवरच्या नोंदींशी जुळला की समजायचं, प्रत खरी आहे. तुमच्यापैकी जे ड्राइव्ह काढायच्या बेतात आहेत आणि ज्यांच्या डिस्का अजून वाचल्या जातात, त्यांनी आधी हे उरकावं. ड्राइव्ह गेल्यावर तुमच्या डिस्का फक्त बघण्यापुरत्या उरतात.

बसवण्याबद्दल फार लिहीत नाही, तेवढं तुम्हाला येतं. जीडीईएमयू कन्सोलच्या व्हीए1 आवृत्तीच्या मुख्य बोर्डावर चालतो. कन्सोलच्या तळाच्या स्टिकरवर गोलातला 1 बघून घ्या, म्हणजे नंतर डोकं आपटावं लागत नाही. कार्ड एफएटी32 मध्ये फॉरमॅट करायचं, 01 मध्ये मेन्यू, पुढे 02, 03 असे क्रमाने फोल्डर, मधला आकडा गाळायचा नाही. स्वस्तातलं कार्ड घेतलंत तर आधी ते काठोकाठ भरून परत वाचून तपासा. खोट्या क्षमतेची कार्डं सर्रास फिरतात, आणि मग खेळ अर्ध्यात गोठला की लोक बोर्डाला शिव्या घालतात.

एक वाद मात्र मिटलेला नाही. मूळ ड्राइव्ह 12 व्होल्टची लाइन वापरायचा. तो गेल्यावर त्या लाइनवर भारच राहत नाही. एक गट म्हणतो, त्याने पॉवर सप्लायवर ताण येतो, रेझिस्टर लावा. दुसरा म्हणतो, रेझिस्टर स्वतःच तापतो, आतली उष्णता वाढवून काय मिळवलंत? मी लावलेला नाही. मला कुणी यावर प्रवचन देऊ नये; दोन्हीकडची प्रवचनं ऐकून झाली आहेत.

प्लेस्टेशन आणि सेगाच्या सॅटर्नबद्दल विचारणाऱ्यांसाठी: प्लेस्टेशनच्या एक्सस्टेशन बोर्डाला बारीक सोल्डरिंग लागतं, हात बसलेला नसेल तर दुसऱ्याकडून करून घ्या. सॅटर्नचे काही बोर्ड ड्राइव्हच्या जागी बसतात, तिथे आधी केबल 20 पिनांची की 21, हे बघा. सॅटर्नचाच सॅटिएटर मात्र मागच्या व्हिडिओ सीडी कार्डाच्या खाचेत जातो आणि ड्राइव्ह जागेवरच राहतो. ड्रीमकास्टला अशी सोय असती तर हे सगळं लिहायची वेळच आली नसती.

आणि तो दुसरा प्रश्न, जो तुम्ही आवाज खाली आणून विचारता: कार्डावरचे सगळे खेळ तुझेच का? नाहीत. बरेचसे माझ्या डिस्कांवरून उतरवलेले, काही नाहीत. यावर मी कुठलाही मोठा सिद्धांत मांडणार नाही. पण ड्रीमकास्टच्या बाबतीत फार सोवळेपणाही कुणी दाखवू नये. एमआयएल-सीडी या सेगाच्या संगीत-सीडी प्रकाराच्या पळवाटेने 2000 सालापासूनच त्यावर नकली सीडी चालत होत्या, खेळ 700 एमबीत बसवायला त्यातलं संगीत आणि चित्रफिती चेपलेल्या असायच्या, आणि आज खऱ्या डिस्कची महती सांगणाऱ्या कितीतरी जणांनी तेव्हा त्याच खेळल्या आहेत.

आता जे तुम्ही विचारत नाही, ते. तेव्हाच्या 'मी'ची एक गोष्ट मला आजही मान्य करावी लागते. कार्ड आल्यापासून मी जास्त खेळते असं नाही, जास्त चाळते. मेन्यूत वरखाली करत बसते, एक खेळ चालू करते, दहा मिनिटांत कंटाळून बाहेर. डिस्क असताना उठून बदलायचा कंटाळा यायचा, म्हणून तरी त्याच खेळात पुढे जात राहायचे. तिचं म्हणणं होतं की तो त्रास हा खेळण्याचाच भाग आहे. मी तिला सांगते, आळसाला इतकं मोठं नाव देऊ नको. ती म्हणते, मग शेवटपर्यंत खेळलेला शेवटचा खेळ कुठला, ते सांग. या मुद्द्यावर ती जिंकते, आणि जिंकली म्हणून मी ड्राइव्ह परत बसवत नाही. काढलेला ड्राइव्ह अँटिस्टॅटिक पिशवीत, स्क्रूसकट ठेवलेला आहे. तो आता काहीच वाचत नाही, तरी टाकला नाही. का, ते विचारू नका.

दुसऱ्या कन्सोलचा ड्राइव्ह अजून चालतो. हल्ली एक-दोन डिस्कांवर तो आधीपेक्षा जास्त वेळ घासतो, मग वाचतो. तो गेला की तिथेही बोर्ड लावणार का, असं परवा एकाने विचारलंच. आधी ग्रीस बदलेन. पोटेन्शिओमीटरला हात लावणार नाही, असं आज तरी म्हणते.