स्वप्न वाचायचे ते आपल्याच भाषेत

स्वप्नात साप दिसला तर अमुक आणि दात पडला तर तमुक, अशा तयार याद्यांवर माझा विश्वास नाही. पण स्वप्न म्हणजे नुसता गोंधळ, हेही मला पटत नाही. गेली काही वर्षे मी उशाशी वही ठेवतो आणि जाग येताच, दिवा लावण्याआधी, आठवेल तेवढे उतरवून काढतो. एका पहाटेच्या ओळी अशा आहेत: 'जिना. खालून पाणी चढते आहे. मी पायऱ्या मोजतो आहे. पाणी हनुवटीला लागले, तरी हातातली फाइल कोरडी.'

पाणी म्हणजे भावना, हा नेहमीचा अर्थ लावून पाहिला, पण तो ओढूनताणून आणल्यासारखा वाटला. दोन दिवसांनी एकदम आठवले: आदल्या संध्याकाळी कामाच्या रगाड्याविषयी मी भावाला फोनवर म्हणालो होतो, "आता डोक्यावरून पाणी जायला लागलंय." स्वप्नाने त्या वाक्प्रचाराचे शब्दशः चित्र काढले होते.

हे जुनेच आहे. इ.स.पू. ३३२ मध्ये टायर शहराचा वेढा लांबला असताना सिकंदराला ढालीवर नाचणारा सॅटिर, म्हणजे ग्रीक पुराणांतला वनदेव, स्वप्नात दिसला. अ‍ॅरिस्टँडर या भविष्यवेत्त्याने 'सॅटिरॉस' हा शब्द फोडून 'सा टायरॉस', म्हणजे 'टायर तुझे आहे', असा अर्थ सांगितला. ही कोटी ग्रीकमध्येच जमते. मराठी माणसाला तोच वनदेव दिसला तर त्यातून कोणतेही शहर निघणार नाही. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात ही हकिकत नोंदवणारा ग्रीक स्वप्नार्थकार आर्टेमिडोरस स्वप्न पाहणाऱ्याचा व्यवसाय आणि सवयी जाणून घेतल्याशिवाय अर्थ सांगू नये असे बजावतो, ते मला म्हणूनच महत्त्वाचे वाटते. मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांनीही हेच उदाहरण घेतले आहे. स्वप्नातल्या एकेका तुकड्यापाशी थांबून त्यावरून मनात जे येईल ते न गाळता पुढे येऊ द्यावे, ही त्यांची पद्धत मी वापरतो. त्यांचे सगळे निष्कर्ष मात्र मला मान्य नाहीत.

त्या पद्धतीने वही पुन्हा वाचताना मी 'कोरडी' या शब्दापाशी अडलो. फाइलवरून काही सुचेना. सुचला तो त्याच फोनवरचा माझा स्वर. भाऊ त्याच्या तब्येतीचे काहीतरी सांगत होता आणि मी 'हो', 'बरं', 'बघू' एवढेच कोरडेपणाने म्हणत राहिलो होतो. वही वाचली त्याच संध्याकाळी मी त्याला पुन्हा फोन केला आणि या वेळी आधी त्याला बोलू दिले.