पोलिश नोंदी: श-षचं कोडं ‘कष्ट’नं सोडवलं

मागच्या नोंदीत अडलेलं गाडं हललं! पोलिशमधली एस-झेड ही अक्षरांची जोडी आणि डोक्यावर तिरकी रेघ असलेला एस, यांतला फरक कानाला कळत होता, पण तोंडातून दोन्हींचा ‘श’च निघत होता. ‘प्रोषे’ म्हणजे कृपया आणि ‘प्रोशे’ म्हणजे डुकराचं पिल्लू, तेव्हा ‘चालतंय’ म्हणून सोडण्यासारखं हे प्रकरण नाही.

वहीत एस-झेडसाठी ष लिहून भागत नाही, कारण ‘भाषा’तला ष आपण बोलताना सर्रास श करतो. पण ट-ठच्या आधी तो अजून जिवंत आहे. ‘कष्ट’ सावकाश म्हणा, ट यायच्या आत थांबा आणि ष लांबवा. जिभेचं टोक वर उचललेलं, आवाज जाडसर. जीभ तिथेच ठेवून ‘काषा’ म्हणा (भरडधान्य शिजवून करतात ती). आता टोक खालच्या दातांमागे टेकवा, जिभेचा मधला भाग टाळूजवळ न्या, ओठ फाकवा, ‘शिंग’मधला श काढा: ‘काशा’, काताझिना या नावाचं लाडकं रूप. काषा-काशा, काषा-काशा, जीभ खाली-वर होतेय हे जाणवेपर्यंत.

मग ‘षेश्च’ (6). सुरुवातीचा ष शेवटच्या ‘श्च’लाही जाड करतो, इथेच बहुतेकांचं बिनसतं, ष संपताच टोक खाली आणायचं. शेवटी ‘अ’ लावू नका. ते जमलं की ‘षेस्नाश्चे’ (16): ष, स, श तिन्ही एका शब्दात, जोर ‘ना’वर. हा शब्द स्वच्छ निघाला की काय आनंद होतो!

सुटे शब्द ऐकायला फोर्वो ही उच्चारांची वेबसाइट उत्तम, एकच शब्द वेगवेगळ्या तोंडून मिळतो. फोनच्या बोलून-टाइप सोयीवर मात्र परीक्षा घेऊ नका. ती संदर्भावरून अंदाज बांधते आणि चुकीचा ‘प्रोशे’ही ‘प्रोषे’ लिहून मोकळी होते. संगणकावर कीबोर्ड ‘पोलिश प्रोग्रामर्स’ घ्या: उजवा ऑल्ट आणि एस दाबला की रेघवाला एस.

पुढे षष्ठी घ्यायची होती (‘द्वा कोती’ दोन मांजरं, पण पाचापासून षष्ठी बहुवचन: ‘प्येंच कोतुफ’). ती थांबू दे. नुसता सी म्हणजे ‘चाक’मधला च, तो आपल्याला आयताच मिळालाय, रेघवाला सी ‘चिंच’मधला पहिला च. उरला सी-झेड. ‘कष्ट’ उलटा फिरवून, ट आणि ष एका झटक्यात म्हटले तर तोच निघतोय! तेव्हा आधी ‘ट्षी’ (‘येतोस का?’मधला ‘का’) आणि ‘त्षी’ (3) ही जोडी, रोज 20 वेळा.