दिवाळीच्या सुट्टीत डेव्हलपमेंटल सायकॉलॉजी

मागच्या दिवाळीत फराळ आणि परीक्षा एकदमच आल्या. मी ४४ व्या वर्षी बाहेरून एम.ए. सायकॉलॉजी करतेय (घरात याचं नाव 'आईचा टाइमपास' असं आहे), आणि त्यातला माझा राहिलेला पेपर म्हणजे विकासात्मक मानसशास्त्र. नाव भारदस्त, विषय साधा, माणूस जन्मल्यापासून मरेपर्यंत कसा कसा बदलत जातो. पण पुस्तकात प्रत्येक वयाला वेगळं प्रकरण, शैशव संपलं की बालपण, ते संपलं की पौगंडावस्था, आणि म्हातारपण कुठेतरी शेवटच्या पानांत कोंबलेलं. आमच्या घरात मात्र त्या आठवड्यात सगळी प्रकरणं एकाच वेळी हजर होती, भावाची मुलगी ५ वर्षांची, माझा मुलगा १५ चा आणि दहावीला, मी, आणि माझी आई ७७ ची. नवराही होता, पण तो मॅच बघत होता.

सुरुवात भाचीपासून केली कारण तीच हाताशी होती. पियाजे वाचून झाला होता. हा स्वित्झर्लंडचा मानसशास्त्रज्ञ, जन्म १८९६ चा. तरुणपणी पॅरिसमध्ये त्याला मुलांच्या बुद्धिमापन चाचण्यांवर काम मिळालं होतं, आता तुम्ही-आम्ही काय केलं असतं, बरोबर उत्तरं मोजून घरी गेलो असतो. हा चुकलेल्या उत्तरांच्या मागे लागला, की एका वयाची पोरं सगळी एकाच पद्धतीनं का चुकतात बरं? त्यातून पुढे मुलांचा विचार कसा वाढत जातो याच्या त्याच्या त्या चार प्रसिद्ध पायऱ्या आल्या, आणि त्यासाठी त्याने स्वतःच्या तिन्ही पोरांवर पाळण्यापासून वह्या भरल्या. त्याचा सगळ्यात गाजलेला प्रयोग म्हणजे पाणी ओतायचा. दोन सारखे ग्लास, सारखं पाणी, मग एकातलं उंच निमुळत्या ग्लासात ओतायचं आणि विचारायचं आता कशात जास्त. साधारण सात वर्षांच्या आतली मुलं म्हणतात उंचात जास्त.

मी कोकम सरबत घेतलं, रंग नीट दिसावा म्हणून. पाहुण्यांसाठीचा उंच ग्लास वरच्या कपाटातून काढला. ओतलं. विचारलं. ती ग्लासाकडे बघेचना, ओट्याकडे बघत होती. मग म्हणाली, "आत्या, यात कमी आहे." मी खूश, काहीतरी नवीनच सापडलं, म्हटलं का गं? "तू सांडलंस ना." ओट्यावर खरंच कोकमाचे दोन थेंब होते.

मग परत केलं, जपून, एक थेंब न सांडता. या वेळी ती पुस्तकाप्रमाणे बोलली, उंचात जास्त. मी म्हटलं नीट बघ हं, तर म्हणाली मग याच्यात. म्हटलं नक्की? तर परत उंचात. आणि तिथे मला शाळा आठवली, बाईंनी तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला की याचा अर्थ एकच, आपलं चुकलंय, उत्तर बदला. नेमकी हीच शंका मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन या संशोधकांनी १९७४ मध्ये प्रयोग करून काढली होती. त्यांनी सोंगट्यांच्या दोन सारख्या ओळी मांडल्या, पण एक ओळ मोठ्या माणसाने नाही विस्कटली, एका खोडकर टेडीने येऊन विस्कटली. आणि मग बरीच जास्त मुलं म्हणाली की दोन्हीकडे सारख्याच आहेत. म्हणजे पोरांना कळत नव्हतं असं नाही, मोठं माणूस मुद्दाम काहीतरी करून तेच परत विचारतंय तर त्याला काय ऐकायचं असेल, याचा ती अंदाज घेत होती. पियाजेची पायऱ्यांची कल्पना मला आवडते पण वयं त्याने जरा उशिराची धरली हे आता बहुतेक सगळे मानतात. पदराआड तोंड लपवून आपण 'बुवा... कुक' करतो, त्यात बाळाला काय कळतं याबद्दलही तेच, दिसेनाशी झालेली वस्तू असते कुठेतरी हे समजायला पियाजेच्या मते आठ-नऊ महिने तरी लागतात, आणि १९८५ मध्ये बैयार्जों नावाच्या संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी पाच महिन्यांच्या बाळांच्या नुसत्या नजरा मोजून दाखवलं की त्यांनाही बरंच काही कळत असतं.

भाची पहिल्या रात्री आईसाठी रडली, दुसऱ्या रात्री आज्जीच्या कुशीत झोपली, तिसऱ्या दिवशी आईचा व्हिडिओ कॉल आला तर "नंतर कर" म्हणाली. वहिनीला जरा लागलं. मी तिला लगेच अटॅचमेंट थिअरी, म्हणजे बाळाचा आईवर जीव कसा जडतो त्याचं शास्त्र, ऐकवली (परीक्षेच्या आधी माणूस असंच वागतो). मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईने आधी युगांडात आया आणि बाळं बघितली आणि मग अमेरिकेत बाल्टिमोरला तो स्ट्रेंज सिच्युएशनचा प्रयोग बसवला, वर्ष-दीड वर्षाचं बाळ, अनोळखी खोली, आई जरा वेळ बाहेर जाते आणि परत येते. सगळी गंमत आई परत आल्यावर बाळ काय करतं त्यात आहे, रडतं किती त्यात नाही. पण हाच प्रयोग जपानात साप्पोरोला केला तर बाळं जास्त हंबरडा फोडणारी निघाली, कारण तिथल्या बाळांना आईपासून लांब राहायची सवयच नव्हती, आणि जर्मनीत बीलेफेल्डला आई आली तरी तिच्याकडे न बघणारी जास्त निघाली. आता आपल्याकडचं बाळ घ्या, जे जन्मल्यापासून आजी, काकू, शेजारच्या मावशी अशा चार कडेवर फिरलंय, त्याला त्या खोलीत काय वाटेल? वहिनीचं समाधान झालं की नाही माहीत नाही, फोन तिनेच ठेवला.

'बाळाचे पाय पाळण्यात दिसतात' या म्हणीबद्दल पण मला बोलायचंय. अर्धी खरी आहे. थॉमस आणि चेस या संशोधक नवरा-बायकोने १९५६ पासून न्यूयॉर्कमधली बाळं वर्षानुवर्षं बघितली, आणि काही बाळं जन्मतःच सोपी, काही किरकिरी, काही हळूहळू रुळणारी असतात हे त्यांनी मांडलं. पण त्यांचा खरा मुद्दा पुढचा होता, की स्वभाव आणि घर एकमेकांना बसतात का. आणि हवाईतल्या कवाई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेली ६९८ मुलं एमी वर्नर आणि तिच्या सहकाऱ्यांनी मोठी होईपर्यंत बघितली, त्यातली ज्यांचं सगळंच वाईट होतं, गरिबी, घरात भांडणं, आजारपणं, त्यांच्यातलीही साधारण एक तृतीयांश चांगली निघाली, आणि त्यांच्यात वारंवार दिसणारी गोष्ट काय, तर घरातलं किंवा बाहेरचं, आजी-मामा-शिक्षक कुणीतरी एक माणूस त्यांच्या बाजूला घट्ट उभं होतं. पाळण्यात पाय दिसत असतील, पण पाळणा कोण हलवतंय तेही बघायला हवं ना.

आता मुलगा. त्याचं दार बंद असतं. जेवायला हाक मारली की "हो आलो" येतं, तो येत नाही. 'प्राप्ते तु षोडशे वर्षे पुत्रं मित्रवदाचरेत्' हे मला शाळेपासून पाठ आहे, पण मित्राने दार बंद केलं तर काय करायचं ते त्या श्लोकात नाही. एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने अख्ख्या आयुष्याच्या आठ पायऱ्या मांडल्या, त्यांत हे वय पाचवं, 'मी कोण'चं. हा एरिक्सन स्वतःच मजेशीर माणूस, १९०२ मध्ये जर्मनीत जन्मला, खरा बाप कोण ते त्याला आयुष्यभर कळलं नाही, सावत्र वडिलांचं आडनाव होंबर्गर, आणि अमेरिकेत गेल्यावर त्याने एरिक्सन हे आडनाव स्वतःच घेतलं. म्हणजे एरिकचा मुलगा एरिक! आयडेंटिटी क्रायसिस हा शब्द याच माणसाने रुळवावा यात नवल काय.

त्याच्या पुढे जाऊन जेम्स मार्सियाने १९६६ मध्ये विचारलं की पोरांनी हे 'मी कोण' शोधलं का, आणि काही ठरवलं का? शोधून ठरवलं तर उत्तम. शोधतोय पण ठरत नाहीये, त्याला मोरॅटोरियम म्हणतात. शोधतही नाही ठरवतही नाही, ती तिसरी तऱ्हा. आणि चौथी म्हणजे न शोधताच ठरवलेलं, फोरक्लोजर. हे वाचताना मी पेन खाली ठेवलं. कारण मी १९ वर्षं ज्या नोकरीत आहे ती मी कधी निवडलीच नाही, बाबा म्हणाले कॉमर्स घे बँकेत लागशील, मी घेतलं, लागले. वाईट काही झालं नाही, पगार वेळेवर आला, फ्लॅट झाला. पण आपल्या घरांमध्ये फोरक्लोजरलाच 'गुणी मुलगी' म्हणतात हे पुस्तकात लिहिलेलं नाही. आता ४४ व्या वर्षी मी मोरॅटोरियममध्ये आहे बहुतेक. पोरगा १५ चा, मी ४४ ची, आणि दोघं एकाच पायरीवर धक्काबुक्की करतोय.

खरं तर माझी पायरी सातवी, जनरेटिव्हिटीची, म्हणजे आता पुढच्या पिढीसाठी काहीतरी उभं करायचं वय, नाहीतर माणूस डबक्यासारखं साचतं. एरिक्सनला या वयाचं इतकं कुतूहल होतं की तो १९६२ मध्ये अहमदाबादला आला आणि पुढे १९६९ मध्ये त्याने गांधीजींवर अख्खं पुस्तक काढलं, तेही त्यांच्या लहानपणापेक्षा १९१८ च्या गिरणी कामगारांच्या संपाभोवती, तेव्हा गांधीजी ४८ वर्षांचे होते. त्या पुस्तकाला पुलित्झर हे अमेरिकेतलं मोठं बक्षीस मिळालं. आपल्याकडचे मनोविश्लेषक सुधीर कक्कर तरुणपणी या एरिक्सनबरोबर काम करत होते, आणि त्यांनी पुढे या पायऱ्या आपल्या चार आश्रमांशेजारी ठेवून बघितल्या. मला ते पटलं, फक्त वानप्रस्थाला जाताना मुलाच्या क्लासची फी कोण भरणार हा प्रश्न राहतो.

आता आईकडे येते, कारण खरा अभ्यास तिथे झाला. पूर्वी आई दिवाळीला नऊ पदार्थ करायची. आता दोन, चकली आणि अनारसे. "बाकीचं बाहेरून आणा, मी काही बोलणार नाही." (बोलते.) पण ते दोन पदार्थ ती पंधरा दिवस आधीपासून घेऊन बसते. अंगठ्याच्या सांध्यात दुखतं त्यामुळे पितळी सोऱ्या तिला फिरवता येत नाही, तर नातवाला समोर बसवलं. पॉल बाल्टेस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने नेमकं हेच तीन शब्दांत सांगितलंय, निवड करा, निवडलेल्यात जास्त जीव ओता, आणि जे गेलं त्याची कसर दुसरीकडून भरून काढा. तो उदाहरण पियानोवाल्या रुबिनस्टाइनचं द्यायचा, की म्हातारपणी हा माणूस मोजकेच तुकडे वाजवायचा, त्यांचाच रियाज जास्त करायचा, आणि जलद जागा यायच्या आधी मुद्दाम लय कमी करायचा म्हणजे पुढचं जलद वाटतं. रुबिनस्टाइन मी कधी ऐकलेला नाही, पण सोऱ्या फिरवणारा नातू बघितलाय.

'साठी बुद्धी नाठी' म्हणणाऱ्यांना तिची भाजणी दाखवावी. नवा फोन शिकवला की तिसऱ्या मिनिटाला ती वैतागते, झटपट नवीन कोडं सोडवायची बुद्धी वयानुसार कमी होते हे खरंच आहे. पण साठवलेली बुद्धी, कॅटेल नावाचा मानसशास्त्रज्ञ जिला क्रिस्टलाइज्ड म्हणायचा, ती टिकते, कित्येकदा वाढते. शिवाय वॉर्नर शाय या संशोधकाने अमेरिकेत सिएटलला १९५६ पासून दर सात वर्षांनी लोकांना परत परत तपासून दाखवलं की आजच्या तरुणाची आजच्या म्हाताऱ्याशी तुलना केली की घसरण उगाच मोठी दिसते. आई सातवीपर्यंत शिकली, कंदिलात. नातू क्लासला एसीत बसतो. यातलं किती वयाचं आणि किती कंदिलाचं?

त्या दिवाळीत तिने मला भाजणी भाजायला लावली, ती खुर्चीत आणि मी गॅसपाशी. तांदूळ वेगळे, हरभऱ्याची डाळ वेगळी, उडीद, मूग, धणे-जिरे सगळं वेगवेगळं, मंद आचेवर. मी म्हटलं किती मिनिटं? "मिनिटं काय मिनिटं, वास घे." मला वास आला नाही. "अगं आता, आता बघ, आता बदलला." आणि खरंच बदलला. व्हायगॉट्स्की हा रशियन मानसशास्त्रज्ञ पियाजेच्याच वर्षी जन्मलेला, ३७ व्या वर्षी टीबीने गेला, तो म्हणायचा की माणूस एकटा जे करू शकतो आणि जाणत्याचा हात मिळाल्यावर जे करू शकतो, त्यामधल्या पट्टीत शिकणं होतं. त्याने हे लिहिलं मुलांबद्दल. त्याचं अजून एक निरीक्षण, की काम अवघड असलं की मुलं स्वतःशी मोठ्याने बोलतात, तेच बोलणं पुढे आत जाऊन विचार होतो. मी कढईपाशी "मंद आच, मंद आच" पुटपुटत होते ते भाचीने ऐकलं आणि दिवसभर माझी नक्कल केली.

फोनही आईने त्या दिवाळीला फक्त पाच जणींना केले. पूर्वी यादीच असायची. मला वाटलं खचली की काय, सरळ विचारलं. म्हणाली, "बाकीच्यांशी काय बोलायचं गं, त्या पाचजणी पुरे." लॉरा कार्स्टेन्सन ही मानसशास्त्रज्ञ म्हणते की पुढचा वेळ थोडा आहे असं वाटायला लागलं की माणूस ओळखी कमी करतो आणि जवळची माणसं ठेवतो, आणि त्यात तो दुःखी नसतो. हे परीक्षेत आलं होतं, पाच मार्कांना. मी पाचजणींचं लिहिलं नाही, नुसती थिअरी लिहिली, आणि अख्ख्या पेपराला ६१ मिळाले.

राहिलं ते सोऱ्याचं. आई आणि माझा मुलगा दीड तास समोरासमोर बसले होते, तो फिरवत होता आणि ती पेपरवर पडणाऱ्या चकल्यांची टोकं बोटाने चिकटवत होती. मी आत-बाहेर करत होते, मी गेले की बोलणं थांबायचं. रात्री आई हळूच म्हणाली, तुझ्या पोराला सायन्स घ्यायचं नाहीये, त्याला इतिहास करायचाय, आर्ट्सला जायचंय, तुला सांगायला घाबरतोय. मला! जी मार्सियावर नोट्स काढून बसलीये! आधी राग आला, मग हसू, मग परत राग. क्लासवाल्यांची अकरावी-बारावी इंटिग्रेटेडची फी आम्ही अर्धी भरलेली आहे, ती परत मिळत नाही. मी त्याला अजून काही बोललेले नाहीये, आणि नवऱ्याला तर मुळीच नाही. आज रात्री मॅच नाहीये. बघते.